वरचं, मधलं आणि खालचं

मी पोस्टात सॉर्टिंगला आहे. अठरा वर्षं झाली. लोकांना वाटतं, बसून करायचं काम आहे, पत्र उचलायचं, पत्ता वाचायचा, खणात टाकायचं. असं म्हणणाऱ्याला मी एक सकाळ माझ्या स्टुलावर बसवायला तयार आहे. आमच्या भागात एकाच नावाची तीन गावं आहेत. तेच नाव, काना-मात्रेचाही फरक नाही. एक डोंगरावर, एक नदीकाठी आणि आमचं दोन्हींच्या मधोमध. आम्ही आपलं सोयीसाठी वरचं, मधलं आणि खालचं म्हणतो, पण पत्र लिहिणारे थोडेच तसं लिहितात! प्रत्येकाला वाटतं, या नावाचं जगात एकच गाव आहे आणि तिथे आपली मावशी राहते.

त्यात गल्ल्यांचा घोळ. विहीर गल्ली, लोहार गल्ली, दोन झाडं गल्ली, आंधळी गल्ली. या चारही तिन्ही गावांत आहेत. माझ्यासमोरच्या लाकडी चौकटीत खणांच्या तीन ओळी आहेत आणि तिन्ही ओळींवर त्याच चिठ्ठ्या डकवलेल्या आहेत. 'विहीर गल्ली, घर नंबर सात' असं पत्र आलं की मी कपाळाला हात लावते. मग आडनाव बघा, पाठवणारा कोण ते बघा, आणि काहीच कळलं नाही तर अंदाजपंचे एका ओळीत टाकून मोकळं व्हा.

चुकून आलेलं पत्र परत पाठवताना त्याला एक पिवळी चिठ्ठी लावतात. तिच्यावर 'कारण' असा रकाना असतो. तिथे 'पत्ता अपुरा' एवढंच लिहावं असा नियम आहे. पण पंधरा वर्षांपूर्वी खालच्या पोस्टातल्या सॉर्टरने एका चिठ्ठीवर लिहिलं, 'कारण: ताई, ही मुलगी तुमच्या गावात दिली आहे, आईला तिचं सासर आठवत नाहीये.' मी उलट टपाली लिहिलं, 'कारण: आठवतंय, आठवायचं नाहीये.' तेव्हापासून आमचं जमलं. मी त्यांना भाऊ म्हणते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, माझ्या मुलीची परीक्षा, साहेबांच्या नावाने बोटं मोडणं, सगळं त्या दोन बोटांच्या रकान्यात झालं. एकमेकांना पाहिलं मात्र कधी नव्हतं.

तर एके दिवशी मोठ्या कचेरीतून फर्मान आलं. यापुढे एका नावाचं एकच गाव. तिघांनी आपापल्या नावाचा उगम पुराव्यासह सांगावा. ज्याचा दावा खरा ठरेल, त्याचं नाव राहील. बाकीच्यांनी दुसरं नाव घ्यावं. गुरुवारी अकरा वाजता अधिकारी येतील, आणि मधलं गाव सगळ्यांना जवळ म्हणून सुनावणी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये होईल.

गावात नुसती धमाल उडाली. सगळ्यात जास्त चढले ते आमचे अध्यक्ष. हे गावसमितीचे अध्यक्ष, खिळे-कुलपांचं दुकान चालवतात आणि चार माणसं दिसली की भाषण सुरू करतात. "आपल्याला पुरावा शोधायला नकोच," ते सगळ्यांना सांगत सुटले. "पुरावा वेशीवर उभा आहे!"

म्हणजे पाटी. गावात शिरताना सहा फूट बाय चार फुटांची पाटी आहे. तिच्यावर सुबक निळ्या अक्षरांत लिहिलंय: 'स्वागत. फार पूर्वी या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक तहानलेल्याला एक बाई ओंजळीने पाणी पाजत असे. तिचं नाव तेच या गावाचं नाव.' शाळेतल्या मुली स्नेहसंमेलनात ही बाई होतात. स्टँडवरच्या नळाला तिचं नाव दिलंय. आणि अध्यक्ष तिचे खापरपणतू आहेत. त्यांच्या दुकानात तिचं चित्रही लावलंय, त्यात तिचं नाक थेट अध्यक्षांसारखं आहे.

वरच्यांचीही पाटी आहे. तिच्यावर आहे: 'जुन्या भाषेत या नावाचा अर्थ, वारा विसावतो ती जागा.' त्यावरून तिथल्या बेकरीचं नाव पडलंय आणि शाळेचं बोधवाक्य निघालंय. खालच्यांच्या लांबलचक पाटीवर एका राजाची घोडी आहे. ती म्हणे दमून नदीकाठी बसली ती उठेचना, शेवटी राजाने हात टेकले आणि तिच्याच नावाने गाव वसवलं. त्यांच्या चौकात सिमेंटची घोडी आहे, बसलेली. भाऊंनी एकदा चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कारण: उशीर, पोस्टमनचा घोडीला धडकून अपघात.'

आता आमच्या घरातलं सांगते. माझे सासरे पेंटर. सगळे त्यांना पेंटर म्हणतात, मी मामंजी म्हणते. वय चौऱ्याहत्तर. या तिन्ही गावांतल्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या त्यांच्याच हाताच्या. बोलण्यात तर कुणाला हार जाणार नाहीत. तुम्ही काहीही विचारा, त्यांना ठाऊक असतं. पूल कधी बांधला, गिरणी का बंद पडली, शेजारणीचा बोका कुठे जातो. 'माहीत नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आणि अध्यक्ष त्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त. रोज संध्याकाळी दुकानाबाहेरच्या बाकावर दोघांची बैठक असते, एक भाषण करतो आणि दुसरा त्यात माहिती घालतो.

सोमवारी सकाळी मी चहा करत होते. मामंजी स्वयंपाकघरात आले आणि नखातला रंग कोरत उभे राहिले.

"सूनबाई, गुरुवारी मी जरा गावाला जाऊन येऊ का?"

"कुठे?"

"कुठेही. लांब."

मी गॅस बारीक केला. "मामंजी, काय केलंत?"

"पाटीवरची ती बाई आहे ना..."

"बरं, तिचं काय?"

"ती नव्हती."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि पस्तीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. समितीने पाटी करायला दिली, मजकूर काय, तर 'स्वागत' आणि गावाचं नाव. "सहा बाय चारची पाटी गं! दोन शब्द लिहिले आणि खाली ही एवढी जागा रिकामी. बघवेना. बोळक्या तोंडासारखी दिसत होती."

"मग फुलं काढायची खाली!"

"फुलं मला जमत नाहीत," मामंजी अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "अक्षरं जमतात. पाच ओळी बसत होत्या, तेवढ्यात ती बाई सुचली. सगळ्यांना इतकी आवडली की विचारू नकोस. पुढच्या महिन्यात वरच्यांनी बोलावलं."

"म्हणजे वारासुद्धा?"

"त्यांची पाटी लहान होती. दोन ओळींच्या वर काही मावेना."

"आणि घोडी?"

"खालच्यांची फारच लांब होती," ते म्हणाले.

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी डोक्यात तिडीकही गेली. अख्ख्या तीन गावांना या माणसाने शेंडी लावली, तीही जागा भरायला! "कुणी विचारलं नाही, हे कुठून आणलंत म्हणून?"

"विचारलं ना. मी म्हटलं, जुन्या लोकांकडून ऐकलंय. तेव्हा कोणाला वाटलं होतं की पुढे सिमेंटची घोडी उभी करतील!"

"अध्यक्षांना सांगा आधी."

मामंजींचा चेहरा पडला. "त्यालाच कसं सांगू? अगं, तो तिचा खापरपणतू आहे."

"जी नव्हतीच तिचा?"

"तेच तर. चाळीस वर्षांत मला दुसरा दोस्त नाही, सूनबाई. हे कळलं तर तो पुन्हा माझ्याशेजारी बसायचा नाही."

चहा उतू गेला. पुसता पुसता मी विचार केला. ते गप्प राहिले तर कदाचित आपण जिंकू, पण खोट्या बाईच्या जोरावर, आणि बाकी दोन्ही गावांचं नाव जाईल. बोलले तर दोस्त जाईल. मी म्हटलं, "मामंजी, काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण लांब कुठे जायचं नाही. मी डबे-बिबे काही देणार नाही."

गुरुवारी हॉल खचाखच भरला. अधिकारी म्हणून आलेल्या बाई किरकोळ बांध्याच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, नाक सर्दीने लाल. वरच्या गावाकडून एक ऐंशीच्या घरातल्या आजी काठी टेकत आल्या होत्या. समितीतले सगळे जण एकमेकांना पुढे करत होते, तेव्हा 'मीच जाते' म्हणून निघाल्या म्हणे. खालच्यांकडून चार-पाच जण आले, त्यातला एक जरा लंगडत सरळ माझ्याकडे आला आणि त्याने माझ्या हातात एक पिवळी चिठ्ठी ठेवली. 'कारण: प्रत्यक्ष भेट.'

"भाऊ!" मी एवढ्याने ओरडले की अधिकारीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

अध्यक्षांनी भाषण लिहूनच आणलं होतं, सहा पानं. ते खाकरून उभे राहणार, तेवढ्यात अधिकारीबाईंनी तिन्ही पाट्यांचे फोटो टेबलावर शेजारी शेजारी मांडले. बराच वेळ पाहिलं. नाक पुसलं.

"ही तिन्ही अक्षरं एकाच हाताची दिसतात," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंबाऐवजी छोटंसं पान काढलंय. कोणाचं काम हे?"

हॉलमधली सगळी डोकी मामंजींकडे वळली. मी त्यांच्या शेजारीच होते. मला वाटलं, आता काहीतरी रचून सांगतील, सांगण्यात तर हातखंडाच. पण ते उठले आणि म्हणाले, "माझं. अक्षरंही माझी आणि गोष्टीही माझ्याच. बाई, वारा, घोडी, सगळं मी रचलं. पाट्यांवर जागा उरली होती म्हणून."

एकदम गलका झाला. खालच्यांपैकी एक जण खुर्चीवरच चढला. "अहो, चौकात घोडी आहे आमच्या! तिचं काय करायचं? तिला उठवायची का?" कोणी हसलं, कोणी शिव्या हासडल्या. वरच्या आजी तेवढ्या शांत होत्या. आणि अध्यक्ष एक अक्षर बोलले नाहीत. हा माणूस गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी भाषणाची सहा पानं चार घड्या घालून खिशात ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. मामंजी त्यांच्याकडे बघत होते, ते बघेनात. मला फार वाईट वाटलं.

अधिकारीबाईंनी टेबलावर पेन आपटलं. "म्हणजे पुरावा तिघांकडेही नाही. मग नियमाप्रमाणे तिन्ही नावं रद्द. नवी नावं खातं देईल. यादी आहे माझ्याकडे." त्यांनी कागद काढला. "वसाहत एक, वसाहत दोन, वसाहत तीन."

झालं! मामंजी खाली बसले आणि एवढेसे झाले. खरं बोलून त्यांनी एकट्याचं नाही, तिघांचंही नाव घालवलं होतं. आता बाक तर गेलाच, गावात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. बाई लिहायला लागल्या. 'वसाहत दोन, विहीर गल्ली' असं पाकीट माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि माझा तिळपापड झाला.

"थांबा हो," मी उभी राहिले. "पाट्या खोट्या असतील. गल्ल्या काय मामंजींनी रंगवल्यात?"

"आपण कोण?"

"मी सॉर्टर. अठरा वर्षं तीन गावांचं टपाल लावते आणि रोज या गल्ल्यांच्या नावाने खडे फोडते. चौकात उभं राहून उजवीकडून मोजा. विहीर गल्ली, लोहार गल्ली, दोन झाडं गल्ली, आंधळी गल्ली. आमच्याकडे याच क्रमाने आहेत. भाऊ, तुमच्याकडे?"

"हाच क्रम," भाऊ म्हणाले. "पण ताई, आमच्याकडे विहीर कुठाय? नदी असताना विहीर कोण खणेल?"

"आमची आंधळी गल्ली तर थेट स्टँडवर निघते," मी म्हटलं. "दोन्ही तोंडं उघडी. आणि दोन झाडं गल्लीत एकही झाड नाही. लोहार तेवढा आहे."

"आमच्याकडे विहीर आहे," आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "लोहार मात्र कधीच नव्हता. घोड्याचा नाल बसवायलासुद्धा खाली यावं लागायचं."

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग कुठल्या गावात ही चारही नावं खरी आहेत?"

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. अठरा वर्षं रोज त्या चिठ्ठ्या वाचत होते, चिडत होते, पण हा प्रश्न कधी पडला नाही. मी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी माझ्याकडे. "कुठल्याच नाही," मी म्हटलं. "तिघांतल्या कुठल्याच नाही."

"म्हणजे?"

उत्तर आजींनी दिलं. काठीवर दोन्ही हात ठेवून, भाजी कशी आणली हे सांगावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "माझी आजी सांगायची, आपण चालत आलो. काही जण इथेच थकले, ते थांबले. काही वर चढले. काही म्हणाले, पाण्याजवळ राहू, ते खाली गेले. निघताना वाटून घ्यायला काही नव्हतंच. मग नाव सगळ्यांनीच घेतलं. गल्ल्याही तशाच मांडल्या, तिथल्यासारख्या."

"तिथल्या म्हणजे कुठल्या? कुठून आलात?"

"ते ती सांगायची नाही. विचारलं की म्हणायची, तिथे आता काही नाही."

खुर्चीवर चढलेला माणूस हळूच खाली उतरला. मघापासून ओरडणारी माणसं एकमेकांकडे अशी बघायला लागली, जसं लग्नात कोणीतरी ओळख करून द्यावी, 'हा तुझा चुलतभाऊ.' सर्दी नसताना मी नाक पुसलं.

अधिकारीबाईंनी नियमाचा कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "'भिन्न गावांना एकच नाव असू नये,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "भिन्न गावांना. हे तर मला एकच गाव दिसतंय, तीन ठिकाणी राहणारं. त्याला हा नियम लागू होत नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "टपाल चुकेल त्याचं काय?"

"चुकलं तर परत पाठवू," मी म्हटलं.

"चिठ्ठी लावून," भाऊ म्हणाले.

बाईंनी यादीवर काट मारली. टाळ्या झाल्या, आजींना कोणीतरी पाणी आणून दिलं, खालच्यांनी वरच्यांना आणि आम्हाला रविवारी नदीवर यायचं आमंत्रणही देऊन टाकलं. घोडी आहे तिथेच बसू द्यायची, हेही ठरलं. मामंजी मात्र गर्दीतून वाट काढत बाहेर निघाले. मी मागोमाग गेले.

शाळेच्या फाटकाशी अध्यक्ष उभे होते. मामंजी थबकले, मग मान खाली घालून पुढे निघाले. अध्यक्ष त्यांच्या बाजूने चालायला लागले. मी चार पावलं मागे राहिले. दोघं वेशीपर्यंत गेले. पाटीखाली आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "पेंटर, त्या आजी म्हणाल्या तिथे आता काही नाही. म्हणजे काय झालं असेल रे? पूर आला असेल? आग? आपली माणसं का निघाली असतील?"

मामंजींनी तोंड उघडलं. तो चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा. डोळे बारीक झाले, मान किंचित तिरकी, चार ओळी तयार होत्या आत. अध्यक्ष वाट बघत होते. सांगितलं असतं तर त्यांनी विश्वासही ठेवला असता, आजही, एवढं होऊनही.

मामंजींनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "माहीत नाही रे मला."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच. "मलाही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी मामंजींच्या खांद्यावर हात टाकला. "रविवारी जाऊ, आजींनाच विचारू. तू नुसतं ऐकायचं."

"बरं," मामंजी म्हणाले.

मग दोघं तसेच दुकानाकडे वळले. बाकावर बसल्यावरही अध्यक्षांनी हात काढला नव्हता. मला भरून आलं, आणि मी पोस्टाकडे निघाले, दुपारची थैली यायची वेळ झाली होती.